मस्ट, हॅव टू, शुड : जोर कुणाचा आणि खात्री किती?

केळीच्या निर्यातीतली एक साधी सूचना घेऊ. रावेर, सावदा, यावल भागातला माल आखातात जातो तो रीफर कंटेनरमधून, म्हणजे आत गारवा राखणाऱ्या बंद डब्यातून. केळीला साधारण १३ अंशांच्या खालची थंडी सोसत नाही. साल काळपट पडते आणि पुढे फळ नीट पिकतही नाही. म्हणून सोबतच्या सूचनेत लिहायचं असतं, ‘द टेम्परेचर मस्ट नॉट फॉल बिलो थर्टीन डिग्रीज’. समजा, याच्याऐवजी कुणी लिहिलं, ‘द टेम्परेचर डझन्ट हॅव टू फॉल बिलो थर्टीन डिग्रीज’. लिहिणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही वाक्यांचं मराठी एकच असू शकतं : तापमान तेराच्या खाली जायला नको. वाचणाऱ्याला मात्र दुसऱ्या वाक्यातून एवढंच कळतं, की तेराच्या खाली नेण्याची सक्ती नाही. नेलंत तर तुमची मर्जी.

गंमत अशी की नकार काढून टाकला तर ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ शेजारी-शेजारी बसतात. दोन्हींत ‘केलंच पाहिजे’ आहे. नकार आला की दोघं दोन टोकांना जातात. याचं कारण ‘नॉट’ कशावर बसतो यात आहे. ‘मस्ट नॉट’मध्ये सक्ती शाबूत राहते, आणि ती सक्ती न करण्याची असते. ‘डोन्ट हॅव टू’मध्ये ‘नाही’ थेट सक्तीवरच बसतो, म्हणजे सक्तीच उरत नाही. ‘डोन्ट नीड टू’ आणि ‘नीडन्ट’ हेही याच दुसऱ्या बाजूचे.

आपली अडचण समजण्यासारखी आहे, कारण मराठीतला ‘नको’ दोन्ही कामं करतो. ‘आज पाणी भरायला नको, रात्री चांगला पाऊस झालाय’ यात गरज नाही असं सांगितलंय. ‘शेतात वाफसा नाही, माती अजून फार ओली आहे, आता पाणी भरायला नको’ यात मनाई आहे. ऐकणारा शेतकरी असतो, त्याला संदर्भ माहीत असतो, त्यामुळे कुणाचाच घोटाळा होत नाही. इंग्रजीत लिहिताना मात्र आधी ठरवावं लागतं. त्यासाठी मराठीतच चाचणी घ्या. वाक्याला ‘-ता कामा नये’ लावून अर्थ बरोबर बसला, तर ‘मस्ट नॉट’. ‘नाही केलं तरी चालेल’ बसलं, तर ‘डोन्ट हॅव टू’. मी वर्गात एवढी एकच गोष्ट पक्की करून घेतो, कारण बाकीच्या चुकांनी बोलणं जरा वेडंवाकडं होतं, या चुकीने माल खराब होतो, औषधाची मात्रा चुकते, मशीनवर हात जातो.

शाळेच्या गाइडमध्ये मोडल ऑक्झिलरींचा, म्हणजे सक्ती, सल्ला, शक्यता दाखवणाऱ्या सहायक क्रियापदांचा तक्ता असतो. ‘मस्ट’ म्हणजे पाहिजे, ‘शुड’ म्हणजेही पाहिजे, ‘कॅन’ म्हणजे शकणे, ‘मे’ म्हणजेही शकणे. तक्ता चूक नाही, पण अपुरा आहे. एका मराठी शब्दासमोर तीन-तीन इंग्रजी शब्द येतात आणि त्यांतला कोणता निवडायचा हे तो सांगत नाही. माझ्या मते अर्थ पाठ करण्यापेक्षा दोन प्रश्न विचारावेत. हा जोर कुणाचा आहे? आणि बोलणाऱ्याची खात्री किती आहे? नकार असेल तर तिसरा : ‘नाही’ नेमका कशावर बसलाय?

जोर कुणाचा

‘आय मस्ट कॉल माय मदर टुनाइट’ म्हणणाऱ्यावर कुणी नियम लादलेला नाही, त्याच्या मनालाच वाटतंय. ‘आय हॅव टू बी ॲट द गेट बाय सेव्हन’ म्हणणारा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत पहिल्या पाळीला असेल किंवा भुसावळला रेल्वेत ड्यूटीवर असेल. वेळ त्याने ठरवलेली नाही. जोर बाहेरून आला की ‘हॅव टू’, बोलणाऱ्याच्या आतून आला की ‘मस्ट’. ही रेघ रोजच्या बोलण्यात पुसट होते हे खरं, पण ती आहे.

मराठीत हा बाहेरचा जोर दाखवायला ‘लागतं’ आहे. ओळखपत्र दाखवावं लागतं, रांगेत उभं राहावं लागतं, काल अचानक जळगावला जावं लागलं. जिथे ‘लागतं’ तिथे ‘हॅव टू’ लावलं तर दहापैकी नऊ वेळा बरोबर येतं. ज्यांच्या घरात अहिराणी आहे त्यांना हे आणखी सोपं जावं. ‘माले जयगावले जानं शे’ आणि ‘माले जयगावले जानं पडी’ यांतला फरक घरातल्या लहान पोरालाही कळतो. पहिल्यात जायचं ठरलंय, दुसऱ्यात जाणं गळ्यात पडलंय. ते ‘पडी’ म्हणजे ‘विल हॅव टू’.

भूतकाळात ‘मस्ट’ चालत नाही. ‘काल मला जळगावला जावं लागलं’ हे ‘आय हॅड टू गो टू जळगाव यस्टरडे’ असंच होतं. नोकरीच्या मुलाखतीत मुलं ‘आय मस्ट हॅव गॉन’ म्हणतात, कारण ‘शुड’चं ‘शुड हॅव’ होतं तसं ‘मस्ट’चं ‘मस्ट हॅव’ होत असेल असं त्यांना वाटतं. पण त्याचा अर्थ होतो, ‘मी जळगावला गेलो असणार’. स्वतःच्या कालच्या दिवसाबद्दल माणूस असं बोलला तर समोरचा चमकेल. ‘मस्ट’ला वेगळा भूतकाळ नाही, कारण जुन्या इंग्रजीत तो शब्द स्वतःच भूतकाळाचं रूप होता. पुढे तो वर्तमानात वापरला जाऊ लागला आणि मागे दुसरं रूप उरलं नाही.

‘मस्ट’मधला जोर बोलणाऱ्याचा असल्यामुळे तो कुणासमोर वापरतोय याला फार महत्त्व येतं. दुबईच्या व्यापाऱ्याला ‘यू मस्ट सेंड द पेमेंट बाय फ्रायडे’ असं लिहिलं तर तो हुकूम वाटतो. लिहिणाऱ्याच्या मनात बिचाऱ्याच्या ‘शुक्रवारपर्यंत पैसे पाठवायला पाहिजेत’ एवढंच असतं. तेच ‘वी नीड द पेमेंट बाय फ्रायडे’ असं लिहिलं की गरज आपली होते आणि समोरच्याचा मान राहतो. याच्या उलट, त्याच व्यापाऱ्याला ‘यू मस्ट कम टू अवर हाउस व्हेन यू व्हिजिट जळगाव’ म्हटलं तर ते अगदी शोभून दिसतं. कारण तिथला जोर आग्रहाचा आहे, लग्नाचं बोलावणं करताना आपण ‘यायलाच पाहिजे बरं का’ म्हणतो तसा. समोरच्याच्या फायद्याची गोष्ट असेल तर ‘मस्ट’ गोड लागतो. आपल्या फायद्याची असेल तर टोचतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. ‘मस्ट’चा वापर कमी होत चाललाय. जेफ्री लीच या भाषाअभ्यासकाने १९६१ सालचे आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचे छापील इंग्रजी मजकूर ताडून पाहिले. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे ‘मस्ट’, ‘मे’ आणि ‘शॅल’ या तिघांचा वापर ठळकपणे घटलेला दिसला. आपली शाळेतली पुस्तकं या तिघांवर भर देतात, आणि रोजच्या बोलण्यात ‘हॅव टू’, ‘नीड टू’, ‘कॅन’ जास्त ऐकू येतात. शंका असेल तेव्हा बोलताना ‘हॅव टू’कडे झुकावं.

‘शुड’ म्हणजे सल्ला. करणं योग्य आहे, पण न केल्यास नियम मोडत नाही. ‘ऑट टू’ जवळपास तेच. त्यावर वेगळा वेळ घालवायची गरज नाही.

वेळ घालवावा तो ‘हॅड बेटर’वर. त्यात ‘हॅड’ दिसतं म्हणून भूतकाळ वाटतो आणि ‘बेटर’ दिसतं म्हणून सौम्य वाटतो. दोन्ही समज उलटे आहेत. अर्थ आत्ताचा किंवा पुढचा असतो, आणि आत एक न उच्चारलेलं ‘नाहीतर’ दडलेलं असतं. ‘यू हॅड बेटर टेक अ हॅट’ असं मे महिन्यात भुसावळला आलेल्या पाहुण्याला म्हणणं बरोबर आहे, कारण तिथे पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो आणि ‘नाहीतर’च्या पुढचं ऊन खरंच लागतं. पण साहेबांना ‘सर, यू हॅड बेटर साइन धिस टुडे’ म्हटलं तर ती धमकी होते. आपल्याला म्हणायचं असतं, ‘सर, आजच सही झाली तर बरं’. त्यासाठी ‘इट वुड बी गुड इफ यू कुड साइन धिस टुडे’ हे योग्य.

‘सपोज्ड टू’ची गोष्ट निराळी. त्यात ठरल्याप्रमाणे काय व्हायला हवं ते असतं, आणि तसं होईलच याचा भरवसा बोलणारा देत नाही. ‘द बस इज सपोज्ड टू लीव ॲट सिक्स’ म्हणजे सहाची वेळ आहे खरी, पण बघू. पाहुण्याला वेळापत्रक नुसतं कळवायचं असेल तर ‘द बस लीव्ज ॲट सिक्स’ म्हणावं, उगाच शंका पेरू नये.

खानदेशातून पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये गेलेल्या मुलामुलींना हा जोराचा भाग तर कागदावरच ठरवून दिलेला मिळतो. इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्यांनी मार्च १९९७ मध्ये आरएफसी २११९ नावाचा छोटासा दस्तऐवज काढला. त्यात ‘मस्ट’ म्हणजे पूर्ण बंधनकारक. ‘शुड’ म्हणजे विशिष्ट परिस्थितीत योग्य कारण असेल तर बाजूला ठेवता येईल, मात्र परिणामांचा पूर्ण विचार करूनच. ‘मे’ म्हणजे निखळ ऐच्छिक. आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकांमध्ये बंधनकारक गोष्टीसाठी ‘शॅल’ वापरतात, शिफारशीसाठी ‘शुड’, परवानगीसाठी ‘मे’ आणि शक्यतेसाठी ‘कॅन’. एमआयडीसीतल्या कारखान्यात आयएसओचं ऑडिट होतं तेव्हा ऑडिटर ‘शॅल’वर बोट ठेवतो, ‘शुड’वर नाही, ते यामुळेच.

खात्री किती

हेच शब्द दुसरंही काम करतात, अंदाज सांगण्याचं. इथे मराठी ‘असेल’वर सगळा भार टाकते. ‘असेल’ म्हणताना आवाज कसा लावला यावरून आपण खात्री ओळखतो. लिहिताना आवाज नसतो, म्हणून इंग्रजीच्या पायऱ्या नीट कळल्या पाहिजेत.

पावसाळ्यातली तापी डोळ्यांसमोर आणा. भुसावळात उभे आहात. गावात दोन दिवस थेंब नाही, आणि तरी नदी गढूळ होऊन फुगलीय, पुलाच्या खांबांवर पाणी चढतंय. वर बऱ्हाणपूरकडे किंवा पूर्णेच्या खोऱ्यात अकोल्याकडे पाऊस झाला की हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात. सगळे ४१ उघडले की खालच्या गावांत सगळ्यांच्या तोंडी तीच बातमी असते. तुम्हाला कुणी काही सांगितलेलं नाही, पण पाणी समोर दिसतंय. तुम्ही म्हणाल, ‘दे मस्ट हॅव ओपन्ड द गेट्स’. उघडले असणारच. पुरावा आहे आणि त्यातून दुसरा निष्कर्ष निघत नाही.

पाणी थोडंच वाढलंय, खालच्या नाल्याचंही असू शकतं, तर ‘दे मे हॅव ओपन्ड द गेट्स’. उघडले असतील, नसतीलही. ‘माइट हॅव’ आणि ‘कुड हॅव’ याच पायरीवर, किंचित खाली. आणि नदी सकाळी होती तिथेच असेल, घाटाची एक पायरीही बुडाली नसेल, तर ‘दे कान्ट हॅव ओपन्ड द गेट्स’. उघडलेले नसणारच. इथे पुष्कळ जण ‘मस्टन्ट हॅव’ म्हणतात. अंदाजात ‘मस्ट’च्या विरुद्ध टोकाला ‘कान्ट’ असतो, हे स्वतंत्रपणे लक्षात ठेवावं लागतं.

‘दे विल हॅव ओपन्ड द गेट्स बाय नाउ’ यात पुरावा समोर नसतो. दरवेळी असंच होतं हे माहीत असतं, त्यावरून बोलतोय. आणि ‘दे शुड हॅव ओपन्ड द गेट्स बाय नाउ’ हे वाक्य दुधारी आहे. एक अर्थ, एव्हाना उघडले असावेत. दुसरा अर्थ, एव्हाना उघडायला हवे होते आणि उघडले नाहीत. पहिल्यात अपेक्षा आहे, दुसऱ्यात तक्रार. पूरपरिस्थितीचा निरोप इंग्रजीत पाठवायचा असेल तर हे वाक्य टाळलेलंच बरं. ‘द गेट्स आर प्रोबॅब्ली ओपन’ किंवा ‘द गेट्स आर स्टिल क्लोज्ड’ असं सरळ लिहावं.

‘मे हॅव’ आणि ‘माइट हॅव’ बहुतेक ठिकाणी एकमेकांच्या जागी चालतात. एका ठिकाणी चालत नाहीत, आणि ते ठिकाण गंभीर आहे. ‘ही मे हॅव ड्राउन्ड’ म्हणजे तो बुडाला असेल, अजून कळलेलं नाही, शोध चालू आहे. ‘ही माइट हॅव ड्राउन्ड’चा हाही अर्थ होतो, पण त्याचा आणखी एक अर्थ आहे : तो वाचला, थोडक्यात वाचला, नाहीतर बुडाला असता. बातमी लिहिणाऱ्याने हा फरक पाळला नाही तर वाचलेल्या माणसाच्या घरच्यांच्या काळजात धस्स होईल.

झालेलं, न झालेलं आणि उगाच केलेलं

कापसाचा भाव हा आपल्याकडचा कायमचा विषय. माल घरात साठवून भाव चढायची वाट पाहायची, आणि तो उतरला की हळहळायचं, हे कित्येक घरांत होतं. ती हळहळ इंग्रजीत दोन तऱ्हांनी सांगता येते. ‘वी शुड हॅव सोल्ड इट ॲट दिवाळी’ : दिवाळीलाच विकायला हवा होता, चुकलं. ‘वी कुड हॅव सोल्ड इट ॲट दिवाळी’ : दिवाळीला विकता आला असता, संधी होती, घेतली नाही. दोन्हींत कापूस विकलेला नाही. पहिल्यात दोष आहे, दुसऱ्यात फक्त शक्यता. बायको नवऱ्याला ‘यू माइट हॅव टोल्ड मी’ म्हणाली तर तो मात्र अंदाज नाही, ठसका आहे : सांगायचं होतं की मला!

केलेल्या पण गरज नसलेल्या गोष्टीसाठी ‘नीडन्ट हॅव’. मळ्यात भरिताचा बेत आहे, काट्यांवर वांगी भाजली जातायत, पुरेशा कळण्याच्या भाकरी झाल्यात आणि पाहुणे घरून आणखी टोपलंभर घेऊन आले. ‘यू नीडन्ट हॅव ब्रॉट देम’. कशाला आणल्या, म्हणजे आणल्या आहेत. ‘यू डिडन्ट नीड टू ब्रिंग देम’मध्ये आणायची गरज नव्हती एवढं नक्की, आणल्या की नाही ते वाक्य सांगत नाही. आणि ‘यू शुडन्ट हॅव ब्रॉट देम’ म्हटलं तर शब्दशः आणणंच चुकलं. हसून म्हटलं तर तो पाहुणचार, गंभीरपणे म्हटलं तर अपमान.

आता ‘कुड’. शिकताना सांगतात, ‘कॅन’चा भूतकाळ ‘कुड’. पूर्वी अंगात असलेल्या क्षमतेसाठी ते खरं आहे : ‘माय आजी कुड वॉक टू द नेक्स्ट व्हिलेज ॲट एटी’. पण एकदाच घडलेल्या, जमून गेलेल्या गोष्टीसाठी ‘कुड’ चालत नाही. भुसावळला धावत जाऊन महाराष्ट्र एक्सप्रेस पकडता आली, तर ‘आय वॉज एबल टू कॅच द ट्रेन’ किंवा ‘आय मॅनेज्ड टू कॅच इट’. ‘आय कुड कॅच द ट्रेन’ म्हटलं तर ऐकणारा पुढच्या ‘जर’ची वाट पाहतो. मुलाखतीत ‘आय कुड कम्प्लीट द प्रोजेक्ट इन थ्री मन्थ्स’ म्हणणाऱ्या मुलाने काम खरंच पूर्ण केलेलं असतं, समोरच्याला मात्र वाटतं की हा करू शकला असता, केलं नाही. कष्टाने मिळवलेलं यश एका शब्दापायी हातचं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं. नकारात ही अट नाही : ‘आय कुडन्ट कॅच द ट्रेन’ निर्धास्त म्हणा. दिसणं-ऐकणं यांनाही सूट आहे, ‘आय कुड हिअर द हॉर्न’ बरोबरच आहे.

कचेरीतलं इंग्रजी

सरकारी पत्रातला ‘मे’ परवानगीचाच असतो असं नाही. ‘द प्रपोजल मे काइंडली बी अप्रूव्हड’ ही खालून वर गेलेली विनंती असते, ‘द रिपोर्ट मे बी सबमिटेड बाय मंडे’ हा वरून आलेला आदेश. आपल्या कचेऱ्यांत सगळ्यांना हे कळतं. परदेशी माणूस मात्र दुसऱ्या वाक्यावरून अहवाल द्यायचा की नाही हे आपल्या मर्जीवर आहे असं समजेल. कायद्यात तर याहून खोल जावं लागतं. तिथे ‘मे’ म्हणजे मुभा आणि ‘शॅल’ म्हणजे बंधन असं सुरुवातीला धरतात, पण कायद्याचा हेतू आणि संदर्भ पाहून आपल्या न्यायालयांनी काही ठिकाणी ‘मे’ बंधनकारक मानलाय, तर काही ठिकाणी ‘शॅल’ केवळ मार्गदर्शक. म्हणून करारनामा वाचताना शब्दकोश पुरत नाही, वकील लागतो.

आपल्याकडच्या नोटिसांमध्ये ‘द मीटिंग वुड बी हेल्ड ऑन मंडे’ असं सर्रास दिसतं. ‘विल’पेक्षा ‘वुड’ अदबीचा वाटतो म्हणून. पण ‘वुड’ला मागे काहीतरी आधार लागतो : एक तर कुणीतरी पूर्वी म्हटलेलं, ‘ही सेड द मीटिंग वुड बी हेल्ड’, नाहीतर एखादी अट. दोन्ही नसतील तर बैठक ठरलीय की नाही याबद्दलच वाचणारा साशंक होतो. ठरली असेल तर ‘विल बी हेल्ड’.

अदब दाखवायची खरी जागा विनंतीत आहे. ‘कॅन यू सेंड द सॅम्पल?’पेक्षा ‘कुड यू सेंड द सॅम्पल?’ मऊ, ‘वुड यू माइंड सेंडिंग द सॅम्पल?’ त्याहून मऊ. फक्त उत्तर देताना जपावं लागतं. ‘कुड यू’ला होकार ‘येस, आय कॅन’ किंवा ‘शुअर, आय विल’ असा द्यायचा, ‘येस, आय कुड’ असा नाही, कारण त्यात ‘पाठवू शकेन, पण…’ ऐकू येतं. आणि ‘वुड यू माइंड’चा शब्दशः प्रश्न ‘तुमची हरकत आहे का?’ असा आहे. त्यावर ‘येस’ म्हटलं की हरकत आहे, ‘नॉट ॲट ऑल’ म्हटलं की सॅम्पल आजच निघतं.